किनाऱ्यावर गरवताना रॉडचा खुंट कसा बनवायचा आणि वाळूत कसा रोवायचा

गरवताना, म्हणजे गळाने मासे धरताना, रॉड उभा ठेवायला वाळूत जो पाईप रोवतात तो खुंट. किनाऱ्यावरून रॉड समुद्रात ओढला गेला की बोल या पाईपला लागतो. पाईप मोडलेला मात्र क्वचितच असतो. एखादं पाकट किंवा दांडगा शिंगाळा असा मोठा मासा आमिष घेऊन सुटतो, खुंट कलतो, मग उपटतो, आणि रॉड, रीळ, पाईप सगळं एकदमच लाटेत जातं. ‘जाड पाईप घ्या, काही होत नाही’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. खुंट बनवायला तासभरही लागत नाही. तो रोवणं हे खरं काम आहे, आणि तिथेच बहुतेकजण घाई करतात.

इथली मापं १२ ते १४ फुटी रॉड आणि १०० ते १५० ग्रॅमचं शिसं धरून दिली आहेत. नगल्या-मुडदुश्यांसारख्या छोट्या माशांसाठी हलका आठ फुटी रॉड वापरत असाल तर यातला निम्मा खटाटोप वाचेल.

सामान

शेतीच्या पाण्याचा पीव्हीसी पाईप घ्या, बाहेरून ५० मिमीचा. दुकानात त्याला दीड इंची म्हणतात. पाईपावर दाबाचा आकडा छापलेला असतो, तो वाचून १० किलोचाच मागा. ४ किलोचा स्वस्त असतो, पण त्याची भिंत पातळ असते आणि वाळूच्या पातळीशी तो दुमडतो. सांडपाण्याचा पाईप घेऊच नका, तो वाकवणारी ओढ सोसण्यासाठी बनवलेला नसतो. दुकानात जाण्याआधी रॉडच्या बुडाची जाडी मोजा. पाईपाचा आतला व्यास बुडापेक्षा ५ ते ८ मिमी मोठा असला की पुरे. त्याहून ढिला असेल तर वाऱ्यावर रॉड डुलत राहतो आणि मासा लागलाय की वारा आहे हे कळत नाही. बूड ३८ मिमीहून जाड असेल तर ६३ मिमीचा, म्हणजे दुकानातला दोन इंची पाईप घ्यावा लागेल.

शिवाय प्रत्येक खुंटाला ८ मिमी जाडीचा, ६५ मिमी लांबीचा एक स्टेनलेस बोल्ट, दोन वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेला नट लागेल. ६३ मिमीच्या पाईपाला बोल्ट ८० मिमीचा घ्या. साधा लोखंडी बोल्ट खाऱ्या हवेत एका मोसमात गंजून जाम होतो. सायकलची फाटकी ट्यूब आणि थोडा लाल ऑइल पेंट घरात सापडेल.

कापणं आणि भोक पाडणं

पाईप ६ मीटरचा येतो. त्यातून २६० सेंमीचे दोन तुकडे काढा आणि प्रत्येकाच्या मधोमध २० सेंमी लांबीचा तिरका काप द्या. एका कापात दोन टोकं तयार होतात, म्हणजे एका पाईपात चार खुंट, प्रत्येक लांब बाजूने १४० सेंमीचा. वर ८० सेंमी उरतात. कापाचा सराव आधी त्या तुकड्यावर करा.

टोक ४५ अंशांत कापा असं सगळीकडे सांगतात. ५० मिमीच्या पाईपाला ४५ अंशांचा काप दिला तर टोक जेमतेम ५ सेंमीचं होतं आणि ओल्या वाळूवर ते बोथट खुंटीसारखं थडकतं. २० सेंमीचा काप वाळू चिरत जातो. ३० सेंमीच्या वर मात्र जाऊ नका. इतकं लांब टोक लवचीक होतं आणि शिंपल्यांच्या थरावर वाकतं.

वरच्या तोंडापासून ३५ सेंमी खाली बोल्टसाठी आरपार भोक पाडा, आधी ४ मिमीचं, मग साडेआठ मिमीचं. या बोल्टवर रॉडचं बूड टेकतं. बोल्ट नसेल तर रॉड खाली पाईपात शिरलेल्या वाळूवर बसतो, बूड घासलं जातं आणि रीळ पाईपाच्या कडेवर येऊन आपटतं. रॉडच्या बुडापासून रिळापर्यंतचं अंतर मोजून घ्या. रीळ पाईपाच्या तोंडापासून किमान २० सेंमी वर राहिलं पाहिजे. तेवढं राहत नसेल तर बोल्ट वर सरकवा, पण २८ सेंमीहून कमी खोली ठेवू नका, नाहीतर रॉड उडी मारून बाहेर येतो. नट पाईप चेपेल इतका आवळायचा नाही.

तोंडाची कड कानशीने गोल करा आणि त्यावर ट्यूबची पट्टी चढवा. आग दाखवून तोंड पसरट करायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. जळत्या पीव्हीसीतून निघणारा आम्लाचा धूर छातीत बसतो. तशीच एक रुंद पट्टी बोल्टच्या खाली पाईपभोवती घट्ट गुंडाळा, रोवताना हाताला पकड मिळते. शेवटी टोकापासून ६५ सेंमीवर लाल रंगाचा पट्टा ओढा. वाळूत किती गेला हे डोळ्यांना नेहमी जास्तच वाटतं. लाल पट्टा वाळूत बुडाला की मगच पुरेसं झालं असं समजा.

जागा

कोरडी, पांढरी, पायाखाली घसरणारी वाळू नको. लाटेचं पाणी जिथे येऊन परततं ती चकाकणारी वाळूही नको. या दोहोंच्या मधला ओलसर, घट्ट पट्टा हवा. ओळखायची खूण सोपी आहे. टाच जोराने दाबा. टाचेभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी पडली तर तिचे कण घट्ट बसलेले आहेत. दाबाने कण एकमेकांवर चढतात, मधली पोकळी वाढते आणि वरचं पाणी त्यात ओढलं जातं. ऑस्बर्न रेनल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचा उलगडा केला. गरवायला आलेल्या माणसाला एवढंच पुरे की अशी वाळू खुंट धरते. टाचेभोवती पाणी वर आलं आणि पाय रुतला तर दहा पावलं मागे सरका.

भरती चढती असेल तर जागा आणखी मागे घ्यावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशेब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो: षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात ते सर्वांत जोरात येतं, दर तासाला एकूण चढाच्या सुमारे पाव भाग. उधाणाला मुंबईकडे पाणी ४ मीटरच्या वर चढतं, म्हणजे मधल्या दोन तासांत ताशी १ मीटर. चाळीस पावलांना एक पाऊल उतार असलेल्या सपाट किनाऱ्यावर एवढ्याने पाण्याची रेघ तासाभरात ४० मीटर आत येते. मालवणकडे चढ बराच कमी, तिथे एवढी पळापळ होत नाही. गणपतीपुळ्यासारख्या उभ्या उताराच्या किनाऱ्यावर रेघ फार सरकत नाही, पण लाट जोरात अंगावर येते. तिथे खुंट उताराच्या कडेवर नव्हे, चार-पाच पावलं मागे रोवा.

वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून मेपर्यंत भरतीच्या रेघेच्या वर खुंट रोवूच नका. ऑलिव्ह रिडले कासविणीची अंडी तिथेच, दीडेक फूट खोल असतात. ६५ सेंमीचा पाईप थेट त्यांच्यात घुसतो.

रोवणं

इथे सावकाश वाचा.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पाईप मागेपुढे हलवत खाली दाबणं. तो झटपट आत जातो, म्हणून सगळे तेच करतात. पण त्या हलवण्याने वरचं भोक नरसाळ्यासारखं रुंद होतं. खुंटाला समुद्राकडून ओढ बसते तेव्हा वरच्या एक-दीड वीत वाळूनेच त्याला आधी अडवायचं असतं, आणि नेमकी तीच वाळू तुम्ही सैल केलेली असते. खड्डा खणून पाईप उभा करून वाळू लोटणं तर त्याहून वाईट. परत लोटलेली वाळू पायाने कितीही दाबली तरी मूळच्या थरासारखी बसत नाही. हातोडाही नको. पाईपाच्या तोंडाला केसाएवढी चीर जाते, ती दिसत नाही, आणि पहिल्या मोठ्या माशाला ती बोल्टपर्यंत पळते.

बरोबर पद्धत अशी. पाईप दोन्ही हातांनी धरून टोक वाळूत आपटा, वर उचला, त्याच भोकात पुन्हा आपटा. चार-पाच वेळा केलं की वीतभर आत जातो. कल पहिल्या घावापासूनच द्यायचा: पाईपाचं तोंड समुद्रापासून दूर, जमिनीकडे, लंबापासून १० ते १२ सेंमी मागे. आधी सरळ रोवून मग कलवला तर एका बाजूला फट पडते आणि ती भरून येत नाही.

कल जमिनीकडेच का? समुद्राकडे झुकलेल्या रॉडला मासा ओढतो तेव्हा ओढीचा काही भाग रॉडच्या लांबीच्या दिशेने लागतो आणि बूड पाईपातून बाहेर सरकतं. जमिनीकडे कललेल्या रॉडला तीच ओढ बोल्टवर आणखी घट्ट बसवते. शिवाय टोक उंच राहिल्याने तंगूस, म्हणजे गळाची दोरी, जवळच्या लाटांवरून जातो, लाट त्याला ओढत नाही. समुद्राकडे झुकलेल्या रॉडांची रांग फोटोत छान दिसते. तिचा उपयोग तेवढाच.

आता पाईपाच्या तोंडातून दीड-दोन लिटर समुद्राचं पाणी ओता. ते खाली टोकाशी जाऊन वाळू पातळ करतं. लगेच ट्यूबच्या पट्टीवर हात ठेवून, अंगाचा भार देऊन, पाईप अर्धा वळसा उजवीकडे, अर्धा डावीकडे पिळा. पिळायचं, हलवायचं नाही. अडला की पुन्हा पाणी. चांगल्या वाळूत तीन-चार वेळा पाणी ओतल्यावर लाल पट्टा बुडतो. ४० सेंमीवर एकदम कडक अडलं तर खाली शिंपले किंवा जांभा आहे. जोर करू नका, दोन पावलं बाजूला नवी जागा धरा.

मग खुंटाभोवती टाचेने गोल दाबत जा, सुरुवात समुद्राकडच्या बाजूने. अर्धी बादली पाणी बुडाशी सावकाश ओता. पाणी मुरताना कण एकमेकांत बसतात आणि वाळू दोन बोटं खाली जाते. तेवढी भर घालून पुन्हा टाच मारा. त्यानंतर दहा मिनिटं खुंटाला हात लावायचा नाही. पाणी ओतलेली वाळू लगेच सैल असते, निचरा झाल्यावरच ती आवळते. हीच दहा मिनिटं कुणी थांबत नाही. तेवढ्यात आमिष लावून घ्या.

परीक्षा केल्याशिवाय गळ टाकू नका. रॉड खुंटात ठेवा, तंगूस घेऊन वीस पावलं समुद्राकडे जा आणि रिळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीला तंगूस सोडणारा ब्रेक, सुटेपर्यंत ओढा. परत येऊन खुंटाच्या बुडाशी पाहा. जमिनीकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखी फट दिसली तर तो खुंट टिकणार नाही. त्याच भोकात भर घालत बसू नका, हातभर बाजूला नव्याने रोवा.

ड्रॅग किती? ताणकाटा तंगुसाला अडकवून दीड ते दोन किलोला सुटेल इतका. रॉडचं टोक वाळूपासून चार मीटर उंच असतं. तिथली दोन किलोची ओढ खुंटाच्या बुडाशी, एक मीटर लांबीच्या दांड्याला आठ किलो टांगल्याइतकी होते. ड्रॅग पूर्ण आवळून ठेवायचा असेल तर रॉड हातातच धरा.

लाटेचं पाणी खुंटाला एकदा जरी शिवलं तरी रॉड उचला आणि मागे सरका. परतणारं पाणी बुडाशी खळगा पाडतं. तीन-चार लाटांत वीतभर वाळू निघून जाते.

राहिलेलं

दोन खुंटांत चार मीटर तरी अंतर ठेवा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील त्या बाजूला मुळीच रोवू नका. वीज चमकायला लागली की रॉड आडवे करा. शिंपल्यांच्या किंवा बारीक गोट्यांच्या किनाऱ्यावर पीव्हीसीचं टोक टिकत नाही. तिथे ३८ मिमीचा, ३ मिमी जाड, १२० सेंमीचा ॲल्युमिनियम अँगल घ्या आणि त्याला वर ४५ सेंमी पाईप दोन बोल्टांनी जोडा. स्टेनलेस बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या पाण्यात अँगलच खाल्ला जातो. बाकी रोवणं सारखंच, फक्त अँगल पिळता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूने पाणी जास्त ओता.

काढताना आधी पाणी, मग पिळणं, मग ओढणं. पाईपात अडकलेली वाळू पाण्याने ढकला, दगडावर आपटू नका. भोक बुजवून जा, पहाटे किनाऱ्यावर मुलं पळत असतात. घरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत आडवे ठेवा. उन्हात पडलेला पीव्हीसी पांढुरका आणि ठिसूळ होतो. नखाने खरवडल्यावर पांढरी पूड निघाली तर तो पाईप परसात दोडक्याच्या मांडवाला लावा आणि नवा कापा.