पांढरा रस्सा फुटू नये म्हणून

थंडी पडली की आमच्याकडे चिकनचा कोल्हापुरी पांढरा रस्सा होतो. पण नारळाचं दूध घातलं की तो फुटायचा. वर तेलकट पाणी, खाली चोथा. चव फारशी बिघडत नाही, पण पाहुण्यांपुढे वाटी ठेवावीशी वाटत नाही.

उपाय आचेत निघाला. नारळाच्या दुधातली प्रथिनं उकळीने गोठतात आणि स्निग्धांश सुटा होतो. म्हणून आता अळणी, म्हणजे चिकन शिजवलेलं पाणी, आधी पूर्ण तयार करते: अर्धा किलो हाडांसकट चिकन, आलं-लसूण, थोडं मीठ, चार वाट्या पाणी. काजू, खसखस, पांढरे तीळ भिजवून गंधासारखे मऊ वाटायचे. हे वाटणच रस्सा बांधून ठेवतं. तुपात लवंग, वेलदोडा, दालचिनी, मिरी, मग वाटण आणि अळणी. (हळद नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नकोच.)

एक उकळी काढून आच अगदी बारीक करायची. दोन पळ्या गरम अळणी नारळाच्या दुधात मिसळायची आणि मगच ते दूध पातेल्यात ओतायचं. सतत ढवळायचं, वाफ दिसली की गॅस बंद. झाकण नको.

उरलेला रस्सा गरम करतानाही हेच. घाई असेल तर सरळ तांबडा करा.