मानसशास्त्रीय चाचणी मराठीत आणताना

परभाषेतली प्रश्नावली मराठीत उतरवली की लगेच ती वापरायला काढतात. मग हाती आलेले गुण माणसाच्या मनःस्थितीचे की वाक्याच्या गोंधळाचे, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच गुणांवर एखाद्याचे उपचार ठरतात, एखाद्या मुलाची शाळा ठरते. म्हणून पुढचं काम कितीही किचकट वाटलं तरी टाळू नका.

आधी परवानगी. नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ सारख्या काही प्रश्नावल्या परवानगीशिवाय भाषांतरित करता येतात. विकत मिळणाऱ्या चाचण्यांना प्रकाशकाची लेखी संमती लागते.

भाषांतर दोघांनी, एकमेकांचं न पाहता करावं. एकाला मानसशास्त्र येत असावं, दुसऱ्याला नसलेलंच बरं. 'खिन्नता', 'स्वारस्य' असे पुस्तकी शब्द त्याच्या हातून येत नाहीत. दोन्ही खर्डे शेजारी ठेवून तिसऱ्या जाणकारासोबत एकेक वाक्य पक्कं करा. त्यानंतर मूळ चाचणी न पाहिलेल्या व्यक्तीकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीतून पुन्हा मूळ भाषेत भाषांतर, करून घ्या, पण त्यावर विसंबू नका. १९७७ च्या सीईएस-डी या नैराश्याच्या प्रश्नावलीत 'ब्लूज' (इंग्रजीत शब्दशः 'निळे', पण अर्थ उदासी) झटकता येत नाहीत, अशा अर्थाचं एक विधान आहे. कुणी त्याचं 'निळेपण झटकता येत नाही' असं केलं, तर उलट भाषांतर मुळाशी छान जुळेल आणि मराठी वाचकाला मात्र ओ की ठो कळणार नाही. शब्दशः भाषांतर या परीक्षेत नेहमीच पास होतं. 'मनावरचं मळभ काही केल्या जात नव्हतं' हे जुळणार नाही, पण मोजायचं ते मोजेल.

मराठीच्या स्वतःच्याही अडचणी आहेत. 'मी लवकर थकतो' असं छापलं की बाईला ते विधान परकं वाटतं, आणि 'थकतो/थकते' अशी तिरकी रेघ सगळीकडे आली की वाचणारा अडखळतो. 'मला लवकर थकवा येतो' असं लिहिलं की प्रश्न मिटतो. बहुतेक विधानं 'मला' वर आणता येतात. नकारार्थी विधानं शक्यतो नकोत. 'मला कधीच एकटं वाटत नाही' याला 'नाही' असं उत्तर आलं, तर ती सहमती की असहमती?

आता सर्वांत मोलाची पायरी, आणि नेमकी हीच गाळली जाते. दहा-पंधरा जणांना समोरासमोर बसवून प्रश्न वाचून दाखवा. त्यांत कमी शिकलेले, वयस्क, वेगळी बोली बोलणारे हवेतच. प्रत्येक प्रश्नानंतर विचारा: 'हे तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर देताना काय डोळ्यांसमोर आलं?' दोन-तीन जण एकाच जागी अडले तर दोष वाक्याचा आहे. ते बदला आणि नव्या माणसांवर पुन्हा तपासा.

ज्या चाचण्यांत काही करून दाखवायचं असतं, तिथे नुसतं भाषांतर पुरत नाही. एका मिनिटात एका अक्षराचे शब्द सांगायची चाचणी घ्या: 'क' दिल्यावर 'किल्ला' आणि 'कोट' धरायचे का? बाराखडीतली सगळी रूपं चालतील, 'क्ष' चालणार नाही, असा नियम आधीच लिहून ठेवा. नाहीतर प्रत्येक परीक्षक वेगळे गुण देईल. आकडे लक्षात ठेवायच्या चाचणीतही भाषा आड येते. ब्रिटनमधल्या वेल्श भाषेतले आकडे उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो म्हणून तीच द्विभाषिक माणसं वेल्शमध्ये कमी आकडे लक्षात ठेवतात, हे १९८० मध्ये दाखवलं गेलं. चित्रांच्या चाचणीत संस्कृती आड येत नाही, हाही गैरसमज. अपुरी आकृती पूर्ण करायला लावणाऱ्या, १९३८ च्या रेव्हनच्या बुद्धिमत्ता चाचणीतले गुण अनेक देशांत पिढीगणिक भराभर वाढले. माणसाचा मेंदू इतक्या लवकर बदलत नाही, शाळा आणि सराव बदलतात.

मग आकडेमोड. आल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, चांगला आला म्हणजे चाचणी न्याय्य झाली, असं नाही. स्त्रिया आणि पुरुष अशा दोन्ही गटांत आल्फा उत्तम असूनही प्रश्न एका गटाकडे झुकलेले असू शकतात. दर गटात निदान २०० जण घ्या. एकूण गुण सारखे असलेल्यांची प्रत्येक प्रश्नावरची उत्तरं मँटेल-हेन्झेल या संख्याशास्त्रीय पद्धतीने गटागटांत ताडून पाहा. 'मला रडू यायचं' हे नैराश्याचं विधान याचं ठळक उदाहरण: नैराश्य तेवढंच असलेल्या पुरुषांपेक्षा स्त्रिया त्याला जास्त वेळा 'हो' म्हणतात. असा प्रश्न ठेवला तर स्त्रियांचं नैराश्य फुगून दिसतं, पुरुषांचं झाकलं जातं. मात्र आकडा झुकला म्हणून प्रश्न लगेच काढू नका. आधी कारण शोधा.

प्रमाणके, म्हणजे गुणांचा अर्थ लावायची मापं, दुसऱ्या गटाकडून उसनी घेऊ नका. पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १० ही नैराश्याची सीमा सर्रास वापरतात. ती तुमच्या गटाला लागू पडते का, हे तज्ज्ञाच्या मुलाखतीतून केलेल्या निदानाशी ताडूनच ठरवा. तोवर तो आकडा निदान म्हणून नव्हे, पुढे चौकशी करायची खूण म्हणून वापरा.

अहवालात चाचणी कोणत्या भाषेत घेतली, कोणते प्रश्न बदलले, प्रमाणके कोणत्या गटाची, हे स्पष्ट लिहा. दुभाषी लागला तर घरातलं माणूस बसवू नका: सुनेसमोर सासू 'जगावंसं वाटत नाही' या प्रश्नाला खरं उत्तर देईलच असं नाही.