कांदा कधी, कुठे विकायचा: लक्ष कशाकडे द्यायचे

लिलाव संपायच्या आत भाव मोबाइलवर येतात. पण इतक्या आकड्यांना पुरेल एवढे लक्ष कोणापाशीच नसते, आणि नजर जाते ती कमाल भावावर. तो मोजक्याच ट्रॉल्यांना मिळतो. वहीत सरासरी भाव लिहा, त्यातून क्विंटलमागचे गाडीभाडे वजा करा आणि मगच लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत या नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत निवड करा.

तुम्ही पाहिलेला भाव साऱ्या तालुक्याने पाहिलेला असतो. उसळी दिसली की ट्रॅक्टर तिकडेच वळतात, आवक फुगते, भाव बसतो. म्हणून भावाशेजारी आवकही लिहा. आवक वाढूनही भाव दोन-तीन दिवस टिकला, तर मागणी खरी. सलग सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस शक्यतो टाळा.

सर्वांत महागात पडते ती मोबाइलवर न दिसणारी चाळीतली, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधली घट. १०० क्विंटल उन्हाळ कांदा आज १,५०० रुपयांनी विकला तर दीड लाख होतात. वाळून, सडून, कोंब येऊन २५ क्विंटल गेला, तर तेवढ्याच पैशांसाठी २,००० रुपये भाव लागतो. निवडायची मजुरी वेगळीच. चाळ भरतानाच जाळीच्या पाच पिशव्यांत प्रत्येकी २० किलो कांदा मोजून वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. दर १५ दिवसांनी, पावसाळ्यात दर आठवड्याला, खराब कांदा काढून वजन करा. ढिगाच्या मधोमध हवा कमी खेळते. तिथली घट याहून जास्त धरा.

लक्ष व्यापाऱ्याचेही अपुरेच. एका ट्रॉलीपुढे तो फार वेळ थांबत नाही. मिसळ माल दिसला की जोखीम धरून बोली कमी लावतो. गोल्टी (बारीक), जोड (दुभंगलेला) आणि डेंगळा (फुलाचा दांडा आलेला) कांदा आधीच वेगळा काढा. वर चांगला, खाली हलका असे भरू नका. व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना ते उघडे पडते, वांधा (मालाबद्दल तक्रार) निघतो आणि भाव कापला जातो.

ख्रिस्तोफर सिम्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये लक्ष हेच मर्यादित साधन मानून गणित मांडले. ते इथे लागू पडते: ज्या बातमीचा अंदाज बांधताच येत नाही, तिच्यामागे दिवस घालवू नये. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर अचानक ४० टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरात थेट बंदी. त्यापेक्षा चाळीचे चार भाग करा आणि प्रत्येक भाग विकायची शेवटची तारीख भरतानाच लिहून ठेवा. पिशव्यांत घट वेगाने दिसली तर तारीख अलीकडे आणा. भाव चढेल या आशेने पुढे ढकलू नका.