रेल्समध्ये मंकी पॅच लिहिण्याची रीत

रूबी या प्रोग्रॅमिंग भाषेतला क्लास एकदा लिहून झाला म्हणून बंद होत नाही. प्रोग्रॅम चालू असतानाही त्यातली मेथड बदलता येते. रेल्सवर, म्हणजे रूबीतल्या वेब फ्रेमवर्कवर, काम करताना या मोकळिकीची गरज बहुधा एकाच प्रसंगी पडते: बाहेरून घेतलेल्या जेममध्ये (तयार कोडच्या पॅकेजमध्ये) बग सापडतो, त्याची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत यायची असते आणि आपल्याला तोवर थांबता येत नाही. अशा वेळी केलेल्या बदलाला मंकी पॅच म्हणतात. असा पॅच लिहूच नये, असे माझे मत नाही. मात्र तो कुठे आहे, कशासाठी आहे आणि कधी काढायचा आहे, हे नवख्या सहकाऱ्यालाही फाइल उघडताच समजले पाहिजे, याबद्दल मी आग्रही आहे.

पॅच लिहिण्याआधी ती मेथड नेमकी कुठून येते, हे कन्सोलमध्ये तपासावे. मेथडच्या ऑब्जेक्टवर ‘सोर्स_लोकेशन’ विचारले की फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक मिळतो, तर क्लासवर ‘अँसेस्टर्स’ विचारले की रूबी मेथड कोणत्या क्रमाने शोधते ते दिसते. ज्या क्लासवर आपला संशय असतो त्यात ती मेथड नसून त्याने इन्क्लूड केलेल्या एखाद्या मॉड्यूलमध्ये (म्हणजे क्लासला जोडता येणाऱ्या मेथडच्या गटात) आहे, असे पुष्कळदा आढळते.

समजा, जेममधल्या ‘इन्व्हॉइस’ क्लासची ‘टोटल’ मेथड दशांश चिन्हानंतरचे लांबलचक शेपूट तसेच परत करते आणि आपल्याला दोनच अंक हवे आहेत. क्लास पुन्हा उघडून त्याच नावाची मेथड लिहिली, तर मूळ मेथड पुसली जाते आणि तिच्यातले हिशोबाचे सगळे तर्क आपल्याला नकलून घ्यावे लागतात. त्याऐवजी एक स्वतंत्र मॉड्यूल लिहावे, त्यातल्या ‘टोटल’मध्ये ‘सुपर’ला, म्हणजे मूळ मेथडला, हाक मारून आलेल्या उत्तरावर ‘राउंड’ चालवावे आणि ते मॉड्यूल ‘इन्व्हॉइस’ला प्रीपेंड करावे. रूबी 2.0 पासून मिळालेली ही सोय आपली मेथड मूळ मेथडच्या पुढे उभी करते, त्यामुळे मूळ कोड शाबूत राहतो. नुसते ‘सुपर’ लिहिले की आलेले सर्व आर्ग्युमेंट तसेच पुढे जातात, पण रिकामा कंस जोडला की एकही जात नाही, हा फरक विसरू नये. क्लास मेथड (क्लासच्या ऑब्जेक्टवर नव्हे, तर क्लासवरच चालणारी) बदलायची असेल तर मॉड्यूल ‘सिंगलटन_क्लास’ला प्रीपेंड करावे लागते.

जुन्या कोडमध्ये हेच काम ‘एलियस_मेथड’ने, म्हणजे मूळ मेथडला दुसरे नाव देऊन जुन्या नावाने नवी मेथड लिहून, केलेले दिसते. त्या दोन पद्धती एकाच मेथडवर मिसळू नयेत. एका प्रकल्पात मी प्रीपेंडने पॅच केलेली मेथड नंतर लोड होणाऱ्या दुसऱ्या फाइलने एलियस केली होती. एलियसला मूळ मेथडऐवजी माझी मेथड सापडली, माझ्या ‘सुपर’ने त्या फाइलच्या मेथडला हाक मारली, तिने पुन्हा एलियसला, आणि स्टॅक भरून रिक्वेस्ट कोसळली. कारण सापडायला मला पूर्ण दुपार लागली, ती ‘अँसेस्टर्स’ आधी पाहिले असते तर वाचली असती.

रिफाइनमेंट, म्हणजे क्लासमध्ये मर्यादित जागेपुरता बदल करण्याची रूबीची सोय, या कामी येत नाही, कारण तिचा परिणाम ‘यूझिंग’ लिहिलेल्या फाइलपुरताच राहतो आणि जेमच्या आतून होणाऱ्या हाकांना तिचा पत्ताच नसतो.

पॅच कुठून लोड होतो, यावर सर्वाधिक चुका होतात. बदलायचा क्लास जेमच्या साध्या फाइलमधून एकदाच लोड होत असेल तर इनिशिअलायझर, म्हणजे ॲप्लिकेशन बूट होताना चालणारी फाइल, पुरेसा आहे. पण तो ‘ॲप’ फोल्डरमधला, म्हणजे ऑटोलोड होणारा (रेल्स आपोआप लोड करते असा) असेल, तर डिव्हलपमेंटमध्ये फाइल बदलताच रेल्स जुना क्लास टाकून नवा घडवते, आणि पॅच मात्र जुन्यालाच चिकटलेला असतो. म्हणून प्रीपेंडची ओळ ‘कॉन्फिग.टू_प्रिपेअर’च्या ब्लॉकमध्ये ठेवावी. हा ब्लॉक प्रॉडक्शनमध्ये बूटच्या वेळी एकदा आणि डिव्हलपमेंटमध्ये प्रत्येक रीलोडला चालतो. रेल्स 7 पासून इनिशिअलायझरमध्ये असा रीलोड होणारा क्लास थेट वापरला तर एररच येते. डेटाबेसशी बोलणाऱ्या ‘ॲक्टिव्ह रेकॉर्ड’चा बेस क्लास बदलायचा असेल, तर त्याचे नाव थेट घेऊन तो वेळेआधी लोड करण्यापेक्षा ‘ॲक्टिव्ह सपोर्ट’च्या ‘ऑन_लोड’ हुकचा (क्लास लोड झाल्यावरच चालणाऱ्या ब्लॉकचा) आधार घ्यावा.

फाइलच्या सुरुवातीला जेमची आवृत्ती तपासणारी अट लिहावी: ज्या आवृत्तीसाठी पॅच लिहिला ती नसेल, तर ‘रेझ’ करून ॲप्लिकेशन बूटच होऊ देऊ नये. हे कठोर वाटते, पण जेम अपडेट झाल्यावर गुपचूप चुकीचे आकडे देणाऱ्या पॅचपेक्षा बूटला थांबलेले ॲप्लिकेशन परवडते. शेजारी कॉमेंटमध्ये मूळ बगच्या नोंदीचा दुवा द्यावा. शिवाय दोन टेस्ट लिहाव्यात: एक दुरुस्त झालेले वर्तन तपासणारी आणि दुसरी ‘सुपर_मेथड’मधून मूळ मेथड चालवून बग अजून तिथेच आहे ना, हे पाहणारी. ही दुसरी टेस्ट ज्या दिवशी फेल होईल, त्या दिवशी मॉड्यूल, प्रीपेंडची ओळ आणि दोन्ही टेस्ट एकाच कमिटमध्ये काढून टाकाव्यात.