टपावरचा रॉड होल्डर निवडताना या चुका टाळा

मासेमारीचा मधल्या आकाराचा स्पिनिंग रॉड आणि त्यावरचं, लाइन (मासेमारीची दोरी) गुंडाळायचं रील मिळून साधारण अर्धा किलो भरतं. चार रॉड गाडीच्या टपावर चढवले तरी दोन-अडीच किलो. तरीही होल्डर घेताना बहुतेक जण खोक्यावर आधी किलोचा आकडा शोधतात. ५० किलो, ७५ किलो असं काही दिसलं की समाधान होतं. पण रॉडच्या बाबतीत प्रश्न वजनाचा नाहीच. टपावरच्या रॉडचे खरे शत्रू दोन, वारा आणि थरथर. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला जेवढा जोर असतो, त्याच्या चौपट १०० ला असतो. तुम्ही ९० ने चालला आहात आणि समोरून ३० चा वारा आहे, तर होल्डरला १२० चा वारा सोसायचा आहे, म्हणजे जोर पावणेदोन पटींहून जास्त. हे डोक्यात पक्कं ठेवून दुकानात जा, अर्ध्या चुका तिथेच टळतात.

टप कशाचं आहे हे न बघता मॅग्नेटचा होल्डर घेणं

ही चूक सर्रास होते. मॅग्नेट लोखंडाला, पोलादाला चिकटतो. ॲल्युमिनियमला चिकटत नाही, फायबरला नाही आणि पॅनोरॅमिक सनरूफच्या काचेलाही नाही. फोर्ड एफ-१५० या पिकअपची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे. अनेक गाड्यांत टप पोलादी आणि बॉनेट तेवढं ॲल्युमिनियमचं असतं. बॉनेटवर एक आणि टपावर एक असा जोडीचा होल्डर घेतला, तर त्यातला एकच बसतो. घरातला फ्रिजवरचा मॅग्नेट मऊ कापडात गुंडाळून दोन्हीकडे लावून बघा. मिनिटभराचं काम आहे.

मॅग्नेट बसला, तरी खोक्यावरच्या ताकदीच्या आकड्याला भुलू नका. तो आकडा मॅग्नेट सरळ वर ओढून काढायला लागणाऱ्या जोराचा असतो. वारा मॅग्नेटला वर ओढण्यापेक्षा मागे ढकलतो, आणि आडवा सरकवायला त्या आकड्याच्या एका अंशाएवढाच जोर पुरतो. म्हणून खाली रबराचं अस्तर असलेलाच मॅग्नेट घ्यावा. रबर घसरू देत नाही आणि रंगही वाचवतं. बसवण्याआधी तेवढी जागा पाण्याने धुऊन पुसून घ्या. मॅग्नेटखाली वाळूचा एक कण राहिला, तरी थरथरीने तो रंगावर गोल गोल घासत राहतो.

व्हॅक्यूम कप एकदा दाबला की काम झालं असं समजणं

साधा, हाताने दाबून बसवायचा सक्शन कप टपावर वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंप असलेला व्हॅक्यूम कप वेगळा. त्याच्या दट्ट्यावर एक रंगीत पट्टा असतो. पंप पूर्ण दाबला की पट्टा आत जातो. आतली हवा हळूहळू भरू लागली की दट्ट्या बाहेर सरकतो आणि पट्टा पुन्हा दिसू लागतो. पट्टा दिसला की पुन्हा पंप मारायचा. निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं कप बसवून ठेवा आणि पट्ट्याकडे बघा. तेवढ्या वेळात तो बाहेर आला, तर गळती आहे. कारणं बहुधा तीनच असतात: कपच्या कडेखाली धूळ, टपावरची घडी किंवा उंचवटा, नाहीतर रबराच्या कडेला पडलेली चीर. कड ओल्या कापडाने पुसा, जागा थोडी बदला. चीर असेल तर कप बदलण्याशिवाय इलाज नाही.

घाट चढणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कपला धरून ठेवते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतो, आणि त्याच हिशोबाने पकडही कमी होते. थंडीत रबर कडक होतं, ते वेगळंच. ताजं वॅक्स लावलेल्या टपावर कप निसटला नाही, तरी सरकू शकतो. लांबच्या, वेगाच्या प्रवासाला मी क्रॉसबारलाच, म्हणजे टपावरच्या आडव्या दांड्यांनाच पसंती देईन. कप आणि मॅग्नेट जवळच्या अंतराला, आटोपशीर वेगाला ठीक.

क्रॉसबारचा आकार न मोजणं

क्रॉसबार चौकोनी असतात, गोल असतात आणि विमानाच्या पंखासारखे चपटेही असतात. चौकोनी बारचा क्लॅम्प चपट्या बारवर कसाबसा आवळला जातो, पण थरथरीने फिरतो आणि रॉड तिरपे होतात. बारची रुंदी आणि जाडी मोजा, वर खाच आहे का बघा. खाचेत सरकणारा बोल्ट मिळत असेल, तर क्लॅम्पपेक्षा तोच चांगला. मग डिकीचं दार पूर्ण उघडून बघा. हॅचबॅकमध्ये दार वर जाताना मागे आलेल्या रॉडवर आदळतं, आणि टोक मोडायला एवढं एक कारण पुरतं. शार्क फिन अँटेना आणि सनरूफ आड येतात का, तेही त्याच वेळी तपासा.

रॉडच्या लांबीचा विचार शेवटी करणं

१२ फुटी रॉड म्हणजे ३६६ सेंटिमीटर. दोन क्रॉसबारमध्ये ७५ सेंटिमीटर अंतर असेल, तर २९१ सेंटिमीटर रॉड आधाराविना हवेत आहे. पातळ टोक तासभर वाऱ्यात डुलत राहिलं की गाईडच्या (लाइन ओवायच्या कड्यांच्या) पायांवर आणि जोडावर ताण येतो. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर तो सोडवा आणि दोन्ही तुकडे वेल्क्रोच्या पट्टीने एकत्र बांधा. जोडलेला ठेवला तर थरथरीने जोड सैल होतो, वरचा तुकडा फिरतो. टेलिस्कोपिक रॉड मिटूनच न्यायचा. लांब, एकसंध रॉड असेल तर बॉनेट ते टप असा दूरदूरचा आधार देणारा होल्डर बरा. फक्त बॉनेटवरचा खांब आणि रीलं रस्त्याच्या आड येत नाहीत ना, हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा.

मागे किती लांबी बाहेर राहिलेली चालते आणि टोकाला लाल फडकं लागतं का, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. आपल्या रस्त्यांचा नियम आधी वाचून घ्यावा.

टोक पुढे ठेवणं, आणि नको तिथे पकडणं

उघड्या होल्डरवर रॉडचं बूड पुढे, टोक मागे. टोक पुढे राहिलं की वारा त्याला सतत वाकवतो. बंद नळीत वारा पोचत नाही, त्यामुळे तिथे टोक पुढे असलं तरी चालतं.

क्लॅम्प बुडाच्या कॉर्कवर किंवा फोमवर आणि ब्लँकच्या (रॉडच्या मूळ काठीच्या) जाड भागावर यावा, गाईडवर कधीच येऊ नये. क्लॅम्पच्या आतलं फोम मऊ आणि जाड हवं. आवळताना हात राखून आवळा. कार्बनचा ब्लँक वाकायला तयार असतो, चेंगरायला नाही. वरून दिसणार नाही असा लहानसा टवका पडतो आणि रॉड मोडतो तो नंतर कधीतरी, मोठा मासा लागल्यावर. तेव्हा दोष रॉडला दिला जातो.

गाईडचंही तसंच. आतली कडी सिरॅमिकची असते, आदळली तर तिला केसाएवढी चीर जाते. डोळ्याला ती दिसत नाही. कानात घालायचा कापसाचा बड घ्या आणि कडीच्या आतून गोल फिरवा. चीर असेल तिथे कापसाचे तंतू अडकून ओढले जातात. जिथे कापूस अडकला, तिथे लाइन प्रत्येक फेकीला कापली जाणार आहे. ती गाईड बदलून घ्या. प्रवासानंतर लाइन वारंवार तुटत असेल, तर लाइनला दोष देण्याआधी हे बघा.

रील आणि गळ तसेच ठेवणं

लाइनला लावलेला लूर (खोटं आमिष) किंवा गळ काढूनच निघा. अडकवण्याच्या कडीत घातलेला तीनतोंडी गळही वाऱ्याने सुटतो, मग टपाच्या रंगावर नाहीतर शेजारच्या रॉडवर आपटत राहतो. सैल लाइन रीलवर गुंडाळून घ्या, पण इतकी ताणू नका की टोक वाकेल. वेगात पडणारा पाऊस रीलच्या ड्रॅगमध्ये (लाइनला लागणाऱ्या ब्रेकमध्ये) आणि बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. रील सहज निघत असेल तर काढून गाडीत ठेवणं उत्तम. नसेल काढायचं तर निओप्रीनचं कव्हर चढवा आणि त्याची दोरी बांधायला विसरू नका.

रील न काढता, लाइन ओवलेले फ्लाय रॉड (माशीसारखं हलकं आमिष फेकायचे रॉड) न्यायचे असतील तर कुलपाची बंद नळी हाच योग्य पर्याय. महाग असते, जागाही खाते, पण धूळ, पाऊस आणि चोर तिघांपासून रॉड वाचतो. नळीच्या तळाला पाणी निघायला भोक आहे ना, तेवढं बघून घ्या. घरी पीव्हीसीच्या पाइपची नळी बनवणाऱ्यांनी दोन बारच्या बाहेर पाइप फार लांब ठेवू नये, उन्हात तो खाली झुकतो. आणि झाकण नुसतं दाबून बसवू नये. त्याला आडवी पिन हवीच.

आवाज येतोय?

शिट्टीसारखा आवाज बहुधा क्रॉसबारच्या उघड्या खाचेतून येतो. तिच्यात रबराची पट्टी भरा. घूं घूं असा आवाज असेल तर तो ताणलेल्या सपाट पट्ट्याचा. पट्ट्याला एक-दोन पीळ द्या, थांबतो. खटखट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही, काहीतरी सैल झालंय. सुरक्षित जागी थांबा आणि प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून बघा. आवाज नसला तरी निघाल्यावर पहिल्या १०-१५ किलोमीटरला एकदा उतरून हे करावंच. फोम दबून बसलेलं असतं आणि अर्धा-एक आटा ढिला सापडतो.

खाऱ्या पाण्यावरून परत आलात की रॉडबरोबर होल्डरही गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियममध्ये बसलेले स्टीलचे बोल्ट मिठाने गंजून घट्ट होतात, मग पुढच्या वेळी पाना फिरत नाही. गाडी ऑटोमॅटिक कारवॉशमध्ये न्यायची असेल तर होल्डर आधी उतरवा.