व्हर्च्युअल कोलोनोस्कोपीचं रिअल-टाइम रेंडरिंग करताय? मग या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात, पोटाच्या सीटी स्कॅनवरून मोठ्या आतड्यात आतून कॅमेरा फिरवायचा, तेही साध्या लॅपटॉपवर आणि न अडखळता. परवा दाखवलं तर फ्रेम रेट झकास, भिंत गुळगुळीत गुलाबी, आणि तरी चित्र चुकलेलं, कारण अंगाच्या लांबीच्या दिशेनं सगळं सव्वापट ताणलेलं होतं.

कारण अगदी साधं. स्कॅनच्या डायकॉम फाइलीत स्लाइस थिकनेस (एका आडव्या कापाची जाडी) १.२५ मिमी लिहिलेली, पोरांनी तेच दोन स्लाइसमधलं अंतर धरलं, पण स्लाइस बऱ्याचदा एकमेकींवर थोड्या चढवून काढतात, खरं अंतर १ मिमीच होतं. म्हणजे ८ मिमीचा पॉलिप (आतड्याच्या भिंतीवरची गाठ) त्या दिशेनं मोजला की १० मिमीचा भरतो, आणि कोलोनोग्राफीत, म्हणजे सीटीवरून आतडं बघायच्या या तपासणीत, ६ आणि १० मिमी या दोन आकड्यांवर पेशंटचं पुढं काय करायचं यातलं बरंच ठरतं. ही चूक मी पण केलीय आणि ती नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आतडं मुळातच वेडंवाकडं. म्हणून अंतर नेहमी शेजारच्या दोन स्लाइसच्या 'इमेज पोझिशन पेशंट' (फाइलीत लिहिलेली स्लाइसची जागा) यातल्या फरकावरून काढा, क्रमही त्यावरूनच लावा, फाइलीच्या नावावरून नको. ग्रेडियंट, म्हणजे किंमत कुठल्या दिशेनं किती बदलते ते, काढताना पण तिन्ही दिशांचं अंतर वापरा, नाहीतर उजेड चुकीच्या बाजूनं पडतो आणि उंचवटा सपाट दिसतो.

भिंतीवर पायऱ्या किंवा कडी दिसत असतील तर दोन गोष्टी बघा. एक म्हणजे मेमरी वाचवायला डेटा ८ बिटचा केला का? ५१२ गुणिले ५१२ च्या ५०० स्लाइस १६ बिटमधे साधारण २५० एमबी होतात, आजच्या ग्राफिक्स कार्डाला हे जड नाही, उलट ४०९६ पातळ्या २५६ मधे कोंबल्या की एकेक पायरी १६ हाउन्सफिल्डची (सीटीतल्या घनतेचं एकक) होते. दुसरं, ब्राउझरमधे करत असाल तर पूर्णांकांच्या म्हणजे इंटिजर टेक्श्चरला लिनिअर फिल्टरिंग (शेजारच्या किमतींमधली मधली किंमत काढणं) मिळत नाही, हाफ-फ्लोट (१६ बिटचे दशांश आकडे) घ्या, सीटीच्या आकड्यांना तेवढी अचूकता पुरते.

आता सगळ्यात अवघड दुखणं, पाण्यावरची खोटी साय. तपासणीआधी पेशंटला बेरियम किंवा आयोडिनचं औषध देतात, त्यामुळं आतड्यात उरलेलं पाणी आणि मळ सीटीत पांढरा दिसतो. पोरं काय करतात, २०० हाउन्सफिल्डच्या वरचं सगळं पारदर्शक करून टाकतात आणि पाणी गेलं म्हणतात, पण हवा उणे १०००, पाणी समजा अधिक ४००, मग या दोघांच्या सीमेवरच्या व्होक्सेलमधे (डेटाच्या एकेका छोट्या ठोकळ्यात) दोन्हीचं कमी-जास्त मिश्रण येतं आणि त्याची किंमत कुठंतरी मांसाच्या किमतीवर जाऊन बसते. झालं, हवेत तरंगणारा एक पातळ पडदा तयार, आणि कॅमेरा त्याला भिंत समजतो. एका रेडिओलॉजिस्टनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लगेच म्हणाले, "हे आतडं नाही हो, हे पाणी आहे, बघा किती सपाट आहे." पेशंट आडवा झोपलेला, त्यामुळं पाण्याची पातळी जमिनीला समांतर राहणार, ही ओळखायची पक्की खूण. उपाय असा की चित्रासाठी कॅमेऱ्यातून सोडलेला किरण हवेतून निघून दोन-तीन व्होक्सेलमधेच थेट टॅगच्या (औषधानं पांढऱ्या झालेल्या पाण्याच्या) किमतीवर पोचला तर मधलं मांस खोटं धरायचं, तिथं ग्रेडियंटही हवा-मांस सीमेपेक्षा बराच जास्त असतो. पण हात आखडता ठेवा! जोरात साफ केलं की पातळ घड्या आणि पाण्याखालचे पॉलिप पण पुसले जातात, म्हणून मूळ स्लाइस शेजारी उघडी पाहिजेच, आणि उताणा व पालथा असे दोन्ही स्कॅन बघा, पालथं झालं की पाणी दुसऱ्या बाजूला जातं.

कॅमेरा हलवताना भिंत फिकट आणि थांबलं की एकदम गडद होते? वेगासाठी तुम्ही किरणाची पावलं लांब केलीत पण एका पावलाची ओपॅसिटी (अपारदर्शकता) तीच ठेवलीत. गगनबावड्याच्या घाटात धुकं कसं, जितकं अंतर कापाल तितकं ते साठत जातं, मग पाऊल दुप्पट झालं तर त्या एका पावलातलं धुकं पण वाढायला पाहिजे ना. ०.२ ची ओपॅसिटी दुप्पट पावलाला ०.३६ होते, ०.४ नाही, कारण जे आरपार जातं त्याचा गुणाकार होतो, ०.८ गुणिले ०.८.

भिंतीत चौकोनी भोकं दिसली तर रिकामी जागा वगळायचा कोड तपासा. डेटाच्या प्रत्येक ब्लॉकची किमान-कमाल किंमत काढताना शेजारचा एक व्होक्सेल धरायलाच लागतो, आणि ट्रान्सफर फंक्शन (कुठली किंमत कुठल्या रंगात, किती पारदर्शक दाखवायची तो नियम) बदललं की कुठला ब्लॉक रिकामा हे परत ठरवायला लागतं.

आत शिरताच स्क्रीन काळी होत असेल तर तुम्ही डेटाभोवतीच्या डब्याच्या पुढच्या बाजू रेखाटताय आणि त्या आता कॅमेऱ्याच्या मागं गेल्यात. मागच्या बाजू रेखाटा, किरण कॅमेऱ्यापासूनच सुरू करा. विंडोजवर ड्रायव्हर रिसेट झाला तर एक फ्रेम २ सेकंदांच्या वर गेली असेल, चित्र तुकड्यांत काढा. आणि लॅपटॉपमधलं मोठं कार्ड खरंच वापरात आहे का तेही बघा, ब्राउझर बऱ्याचदा छोट्यावरच चालतो.

गुदाशयाकडून सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत) एकदाच जाऊन थांबू नका. घडीच्या पाठीमागचा पॉलिप उलट्या फेरीतच दिसतो.

पोरांना आता एक खोटी नळी बनवायला सांगितलीय, आत ६ मिमीचा अर्धगोल उंचवटा, निम्मी नळी टॅग केलेल्या पाण्यानं भरलेली, सगळी मापं आधीच माहीत. कोडमधे काहीही बदललं की आधी ती चालवायची आणि उंचवटा मोजायचा. काल ५.९ आला, पाण्याखाली मात्र अजून ५.१ च येतोय.