रात्री उकडा, सकाळी परता: कणंगां आणि माडीचा नाश्ता

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाऊस संपल्यावर गेलात तर बायका मातीसकट कणंगां, माडी (म्हणजे अळूचा कंद), सुरण मांडून बसलेल्या दिसतात. आपण मात्र सकाळी भाजी-पाव नाहीतर बिस्किट-चहा करून पळतो. कणंगां म्हणजे रताळी हो. गंमत म्हणजे पोर्तुगीजांकडून आपल्याला मिळालेला बटाटा हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवर रताळ्यालाच वापरायचे. तर हाच कंद नाश्त्याला घ्या, दूध-तूप-अंडं काहीच लागत नाही.

तीन माणसांना: मध्यम रताळी 3, माडी किंवा सुरण साधारण 150 ग्रॅम, मोड आलेले मूग एक वाटी, ओलं खोबरं अर्धी वाटी, खोबरेल 2 चमचे, सोलां (म्हणजे सुकवलेली आमसुलं) 3-4, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, आल्याचा तुकडा, मीठ.

मूग आधीच भिजत घालून ठेवा कारण मोड यायला दीड-दोन दिवस लागतात. मूग सोडू नका प्लीज, 100 ग्रॅम रताळ्यात प्रोटीन जेमतेम दीड-दोन ग्रॅम असतं, नुसते कंद खाल्ले तर अकराच्या आत परत भूक लागते, माझा हा अनुभव आहे.

आता रात्रीचं काम. रताळी चांगली घासून धुवा, सालं काढायची नाहीत, सालातही फायबर असतं, आणि अर्धी कापून कुकरमध्ये जाळीवर ठेवून दोन शिट्ट्या, बस. जास्त केलं की चिखल होतो आणि मग तव्यावर धरतच नाही. भाजण्यापेक्षा उकडलेल्या रताळ्याने साखर कमी झपाट्याने वाढते आणि उकडून थंड केल्यावर त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो म्हणजे हळू पचतो, म्हणून मी ती रात्रभर फ्रीजमध्येच ठेवते. तरी डायबेटीस असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

माडी-सुरणाचं वेगळं. यांना खाज असते, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक कण त्यात असतात आणि ते हाताला, घशाला टोचतात. हाताला तेल लावून साल जाडसर काढा, फोडी करा, पाण्यात मीठ आणि सोलां टाकून पंधरा-वीस मिनिटं उकडा, सुरी आरपार गेली पाहिजे. ते पाणी टाकून द्या, आमटीत वगैरे घालू नका. फोड कच्ची राहिली तर सोलां घालूनही घसा खवखवणारच, म्हणून इथे घाई नको. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी माडी-सुरण टाळावं, आणि रताळ्यातही ऑक्झलेट असतं म्हणून तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

सकाळी लोखंडी तवा तापवा, खोबरेल घाला, मोहरी तडतडली की कढीपत्ता, मिरची, किसलेलं आलं. मूग टाकून थोडं पाणी शिंपडा, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ काढा. मग माडीच्या फोडी आणि रताळ्याचे बोटभर जाड तुकडे पसरा आणि एक बाजू लालसर होईपर्यंत अजिबात हलवू नका, सगळी चव त्या लाल कडेत आहे, सतत ढवळत बसलात तर उपासाच्या भाजीसारखं होतं. उलटा, मीठ घाला, दोन मिनिटांनी गॅस बंद करून वरून खोबरं. खोबऱ्याला हात आखडू नका, आत नारिंगी असलेल्या रताळ्यातलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल-खोबरं लागतंच. आत पांढरं रताळं असेल तर बीटा कॅरोटीन फारसं नसतं पण पोट तितकंच भरतं.

सोबत पाव नको, एवढ्यात पुरतं. आंबटपणा हवा असेल तर वरून लिंबू पिळा किंवा पेलाभर सोलांचं पाणी घ्या, साखर न घालता. मुलांसाठी मिरची वगळून शेवटी चमचाभर गूळ किसून टाका, माझ्या घरी डब्यालाही हेच जातं आणि डबा रिकामा येतो. उकडलेले कंद फ्रीजमध्ये दोन दिवस चांगले राहतात, त्यामुळे शुक्रवारी बाजार केला की शनिवार-रविवारचा नाश्ता झालाच म्हणून समजा.